२०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्याला का दिला नाही: दुकानमालकाचे उत्तर

आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पडद्याच्या) स्पीकर्ससाठी आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून घेतलेल्या, क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ३०३ अ‍ॅम्प्लिफायरबद्दल आपण दिलेला अभिप्राय वाचला. सुटे भाग मुंबईहून वेळेत न आल्यामुळे आपल्याला गुहागरहून भर पावसात, तवसाळ-जयगडची फेरीबोट धरून, दुसऱ्यांदा यावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. मात्र ‘२०० वॅटचा सेट १८ हजारांत समोर दिसत असताना तो द्यायला नकार दिला आणि ४५ वॅटचा जुना डबा ३४ हजारांना गळ्यात मारला’ हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागले आहे, कारण तो २०० वॅटचा सेट विकण्यात माझे काहीच नुकसान नव्हते. नुकसान आपल्या स्पीकर्सचे होते.

आपले स्पीकर्स त्याच कंपनीचे क्वाड ईएसएल-५७ आहेत. १९५७ साली बाजारात आलेल्या या स्पीकरमध्ये नेहमीचा शंकूसारखा कागदी पडदा नसतो. दोन छिद्रित प्लेट्सच्या मध्ये अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्याला मधल्या, वरच्या स्वरांच्या पॅनेलमध्ये सुमारे १,५०० व्होल्ट, तर बाजूच्या बासच्या पॅनेल्समध्ये सुमारे ६,००० व्होल्टचा दाब दिलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायरकडून ३३ व्होल्टपेक्षा मोठे शिखर (क्षणभराचा सर्वोच्च व्होल्टेज) आले, तर मधल्या पॅनेलमध्ये ठिणगी पडून पडद्याला भोक पडण्याचा धोका असतो. ८ ओहमला २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट आणि त्याचे शिखर ५६ व्होल्टच्या पुढे जाते. ही आकडेमोड मी त्या दिवशी बिलाच्या मागच्या बाजूला लिहून आपल्या हातात दिली होती. तो कागद आपल्याकडे असेल, तर कृपया पुन्हा एकदा पाहावा. तबल्याची एखादी जोरकस थाप किंवा चालू सेटमध्ये निसटलेली पिन एवढेही त्या पॅनेलला पुरले असते आणि ते पुन्हा बांधून देणारा कारागीर मला तरी अख्ख्या कोकणात माहीत नाही.

उलट ३०३ चा विजेचा अंतर्गत पुरवठा ६७ व्होल्टवर नियंत्रित केलेला असतो, त्यामुळे त्याचे शिखर ३३ व्होल्टच्या आसपासच अडते. आपण कितीही आवाज वाढवला तरी हे बदलत नाही. शिवाय त्याच्या आउटपुटला मोठा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असल्यामुळे आतला ट्रान्झिस्टर उडाला, तरी डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट सहसा स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. वॅट पाहून अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याची सवय साध्या स्पीकरला चालते, येथे चालत नाही. हा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला कपॅसिटरसारखा दिसतो आणि अगदी वरच्या स्वरांना त्याचा रोध २ ओहमच्या जवळ उतरतो. असा भार पाहून कित्येक चांगले अ‍ॅम्प्लिफायरही अस्थिर होतात, तापतात किंवा बंद पडतात.

आता किमतीबद्दल. ऑनलाइन दिसणारा ३०३ स्वस्त असतो हे मला मान्य आहे, पण १९६७ ते १९८५ या काळात तयार झालेला हा सेट ज्या अवस्थेत येतो, ती अवस्था जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. आपला सेट आला तेव्हा स्पीकरच्या सॉकेट्सवर खाऱ्या हवेने हिरवा कळंक चढला होता आणि एका आउटपुट कपॅसिटरचे बूड फुगले होते. सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, ६७ व्होल्टचा पुरवठा आणि दोन्ही चॅनेलचा बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडा प्रवाह) मीटरने मोजून जुळवला, मागच्या जुन्या, गोल अनेक-पिनी डिन सॉकेटसाठी आपल्या प्रीअ‍ॅम्पला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या आधीच्या सेटला) जुळणारी केबल बांधून दिली आणि नंतर संपूर्ण दिवस तो कपॅसिटरच्या भारावर चालवून पाहिला. या मेहनतीचे पैसे मी लावले, हे खरे आहे. जुना माल घेऊन धूळ झटकून विकणे हा धंदा मी करत नाही आणि समुद्राकाठच्या गावात हे काम करणाऱ्या माणसाला ‘फसवणूक’ हा शब्द किती महागात पडतो, याचा आपण विचार करावा.

आवाज कमी वाटतो असे आपण लिहिले आहे. हे स्पीकर पुढून जितका, तितकाच मागूनही आवाज सोडतात. म्हणून ते माजघराच्या भिंतीपासून निदान तीन-चार फूट पुढे ओढून पाहावेत. गणपतीच्या मांडवाचा जोर मात्र त्यांच्याकडून कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरने निघणार नाही.

यापुढे जुन्या सेटवर केलेल्या कामाचा तपशील बिलातच देण्याचा आमचा प्रयत्न राहील, तसेच वेळेच्या बाबतीतही सुधारणा करू. पावसाळा सरल्यावर आपला सेट घेऊन यावे, बायस पुन्हा तपासून देईन, त्याचे काही घेणार नाही. स्टार किती द्यायचे हा आपला अधिकार आहे. फक्त ‘गळ्यात मारला’ हे शब्द आपण काढावेत, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
दुकानमालक