घोरणे टिकवून ठेवण्यासाठी काही सूचना

मेहुण्याच्या मुलीच्या लग्नासाठी गेल्या आठवड्यात सासुरवाडीला, म्हणजे नागपुरात महाल भागातल्या जुन्या घरी, तीन रात्री मुक्काम पडला. बाहेर 44 अंश आणि घरात कूलर एकच, त्यामुळे मधल्या खोलीत बिछायत केंद्रातून आणलेल्या गाद्यांवर आम्ही आठ पुरुष ओळीने झोपलो आणि माझ्या उजव्या हाताला माझे थोरले साडू आले. या तीन रात्रींत मला एकंदर साडेचार तास झोप मिळाली. उरलेला वेळ सत्कारणी लागावा म्हणून घोरण्याचा जो अभ्यास करावा लागला, त्याचे सार येथे देत आहे. आपण घोरत असाल तर ते आपल्या उपयोगी पडेल. आपण घोरत नाही अशी आपली खात्री असेल, तर विशेषच पडेल.

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, मृदू टाळू आणि पडजीभ ढिली पडते, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जोराने जाऊ लागली की सैल पडलेले मांस थरथरते, आणि त्या थरथरण्यालाच आपण घोरणे म्हणतो. तेव्हा आपले धोरण सरळ असावे: वाट होईल तितकी अरुंद आणि मांस होईल तितके सैल.

त्यासाठी रात्रीच्या मद्यपानाइतके गुणकारी दुसरे काही नाही. मद्याने घशाचे स्नायू नेहमीपेक्षा अधिक ढिले पडतात, म्हणून झोपण्यापूर्वीच्या तीन-चार तासांत ते घेऊ नये असे डॉक्टर सांगतात. आपण नेमके त्याच वेळेत घ्यावे. साडूंनी हळदीच्या रात्री साडेअकराला सावजी मटणाबरोबर ते घेतले आणि बाराला ते झोपी गेले. त्यानंतर खोलीत अन्य कोणी झोपले नाही.

वजन कमी करू नये. मानेभोवतीची चरबी घशातल्या श्वासाच्या वाटेवर बाहेरून दाब देते, आणि पुरुषाच्या गळ्याचा घेर 17 इंचांच्या वर गेला की धोका वाढतो असे मानतात. साडूंच्या जोधपुरीचे वरचे बटण लागावे म्हणून दोन माणसे झटत होती आणि अखेर तेथे सेफ्टी पिन लावावी लागली.

सिगारेट चालू ठेवावी, घसा सुजलेला राहतो.

झोपावे मात्र उताणेच. कुशीवर झोपल्यास जीभ मागे पडत नाही आणि कित्येकांचे घोरणे तेवढ्यानेच थांबते, ही बातमी शेजाऱ्याला कळू देऊ नये. काही दुष्ट लोक बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवतात, म्हणजे माणूस झोपेत उताणा झाला की आपोआप वळतो. मी साडूंना दुसऱ्या रात्री चार वेळा कुशीवर वळवले. चारही वेळा ते दोन मिनिटांत परत उताणे झाले, आणि चौथ्या वेळी त्यांचा हात माझ्या तोंडावर येऊन पडला. त्यातच दोनच्या सुमारास लाइन गेली. तोवर कूलरच्या घरघरीने जे थोडेफार झाकले जात होते, ते आता निर्भेळ स्वरूपात ऐकू येऊ लागले. घामाने सगळे उठून बसले, कोणी अंगणात गेले, कोणी वर्तमानपत्राने वारा घेत राहिले. फक्त एक माणूस गाढ झोपेत होता.

घरगुती उपायांची भीती बाळगण्याचे कारण नाही. नाकात तुपाचे थेंब, हळदीचे दूध, करंगळीतली अंगठी, सगळे करून पाहावे. त्यांपैकी कशानेही मागे पडलेली जीभ पुढे येत नसल्याने घोरणे सुरक्षित राहते. केवळ शंखापासून सावध असावे. डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे लांब फुंकवाद्य नियमित वाजवल्याने झोपेत श्वास अडण्याचा त्रास कमी झाला, असा एक छोटा अभ्यास 2006 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता, आणि 2025 साली जयपूरच्या संशोधकांनी 30 रुग्णांवर तसाच शंखाचा प्रयोग करून सुधारणा नोंदवली. अर्थात त्यासाठी महिनोन्‌महिने रोज सराव करावा लागतो. साडूंनी हे मनावर घेतले तर रात्रीसोबत पहाटही गेली असे समजावे, म्हणून मी त्यांना काही बोललो नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की काहीही झाले तरी कबूल करू नये. सकाळी तर्री-पोह्याची बशी हातात घेऊन साडूंनी मला विचारले, “का भाऊ, डोळे लाल दिसून राहिले तुमचे, मच्छर होते का?” मी कारण सांगितले, तर म्हणाले, “मी कायचा घोरतो! मलेच त रातभर झोप नाही लागली, तुमच्या कूलरचा आवाज किती येते!” खोलीतली सात माणसे खोटी, गेली सहा वर्षे हॉलमध्ये वेगळी झोपणारी बायको खोटी, बाबा घोरतात म्हणून आत्याकडे झोपायला जाणारी मुलगी खोटी. खरे कोण, तर जो त्या वेळी झोपेत होता तो! स्वतःचा आवाज स्वतः कधीही न ऐकलेल्या माणसाने इतक्या खात्रीने साक्ष कशी द्यावी?

आणि आता उपरोध पुरे झाला. तिसऱ्या रात्री तो आवाज मध्येच थांबला, तेव्हा मला आधी बरे वाटले. मग लक्षात आले की श्वासही थांबला आहे. मी फोनवर सेकंद मोजले: 22. मग गुदमरल्यासारखा एक हिसका, आणि पुन्हा तेच. असे रात्रभर चालले. 10 सेकंद किंवा अधिक असा श्वास अडणे तासाला पाच वेळा किंवा त्याहून जास्त होत असेल, तर त्याकडे डॉक्टर आजार म्हणूनच पाहतात. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. हे गृहस्थ मांडवात मंगलाष्टकांच्या वेळी उभ्याने पेंगत होते, आणि दुसऱ्या दिवशी बायको-मुलीला गाडीत घालून समृद्धी महामार्गाने जालन्याला स्वतः गाडी चालवत गेले. सरळसोट रस्ता, ताशी 120 चा वेग आणि तीन रात्री श्वास अडलेला चालक!

भाऊसाहेब, नागपुरात धंतोलीत पावलागणिक दवाखाने आहेत, झोपेची तपासणी एका रात्रीत होते, आणि झोपेत हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 सालीच जगापुढे मांडले आहे. तुम्हाला लाज कसली वाटते? बायको सहा वर्षे हॉलमध्ये झोपते त्याची वाटत नाही ती? निघण्यापूर्वी मी तुम्हाला दुसऱ्या रात्रीचे 11 मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तर तुम्ही हसून म्हणालात, “हा त कूलर होय.” लाइन गेली होती, भाऊसाहेब. कूलर बंद होता.