सेनापती मारला की युद्ध संपतं? निदान ग्वाल्हेरात तरी असं म्हणू नका

ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर नावाच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मथळा 'डोकं ठेचा, साप मरतो'. वर इराणी सेनाधिकाऱ्यांचे फोटो, प्रत्येकाच्या तोंडावर लाल फुली. खाली पाच दावे. सेनापती मारला की त्याची फौज आणि तिच्या जिवावर लढणाऱ्या टोळ्या पांगतात. इराणने एकदाही उलट वार केला नाही. यात निरपराध माणूस मरत नाही आणि खर्चही नाही. युद्धात सगळं माफ असतं. आणि शेवटी, महाराजांनी अफझलखान मारला तसं आपणही करावं, 'आपल्या महाराजपुऱ्यातून मिराज उडवा'. (महाराजपुरा म्हणजे ग्वाल्हेरचा हवाई तळ, मिराज ही तिथली लढाऊ विमानं.)

आमच्या एका काकांनी हा मजकूर तीन ग्रुपांवर टाकला. मी हूं की चूं केलं नाही म्हणून फोन करून विचारलं, "वाचलंस की नाही?" वाचलं, काका. आता उत्तरही वाचा.

आधी फोटोंचं उरकून टाकतो. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने केलेल्या हल्ल्यात इराणच्या सेनादलांचे प्रमुख मोहम्मद बाघेरी, रिव्होल्युशनरी गार्ड या इराणच्या खास फौजेचे प्रमुख होसेन सलामी आणि क्षेपणास्त्रांचा कारभार पाहणारे आमिर अली हाजीजादेह मारले गेले, हे खरं. पण याच हल्ल्याच्या यादीत फुल्या गार्डच्या परदेशी मोहिमा चालवणाऱ्या कुद्स दलाचा तेव्हाचा प्रमुख इस्माईल कानी आणि सर्वोच्च नेत्याचा सल्लागार अली शमखानी यांच्यावरही आहेत. ते गेल्याच्या बातम्या त्या दिवसांत आल्या होत्या खऱ्या. कानी २४ जूनला तेहरानच्या रस्त्यावर गर्दीत हसतखेळत दिसला, आणि शमखानी २८ जूनला मेलेल्या अधिकाऱ्यांच्या अंत्ययात्रेला काठी टेकत हजर होता. पाचांतल्या दोन फुल्या चुकलेल्या आणि तरी मजकूर म्हणतो 'शंभर टक्के खरी माहिती'.

आता पहिला दावा. खरा वाद इथेच आहे, तेव्हा इथे जरा थांबू.

१६ फेब्रुवारी १९९२ ला दक्षिण लेबनॉनमध्ये इस्रायली हेलिकॉप्टरांनी हिजबुल्ला या इराणच्या पाठबळावरच्या लेबनानी संघटनेचा सरचिटणीस अब्बास मुसावी याची गाडी उडवली. सोबत बायको आणि लहान मुलगा होता, तेही गेले. मजकुराच्या हिशेबाने इथे सापाचं डोकं ठेचलं. पुढे काय झालं? महिनाभरात, १७ मार्चला, ब्युनोस आयर्समधल्या इस्रायली वकिलातीवर स्फोट झाला, २९ माणसं मेली. आणि मुसावीच्या जागी आला ३१ वर्षांचा हसन नसरल्ला. तो त्या खुर्चीवर ३२ वर्षं बसला आणि मुसावीच्या वेळी जी एक लढाऊ टोळी होती, तिची त्याने रॉकेटांचे डोंगर असलेली फौज केली. मुसावीला मारणाऱ्यांना नसरल्ला हवा होता असं कोणीच म्हणणार नाही.

कानीच्या आधीचा कुद्स दलाचा प्रमुख कासिम सुलेमानी, त्याचंही तेच. ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाबाहेर अमेरिकी ड्रोनने त्याला मारलं, आणि त्याच दिवशी त्याच्या जागी कानीची नेमणूक झाली. कानीला सुलेमानीचा वकूब नाही, हे खरं. इराकी, सीरियाई, लेबनानी म्होरक्यांशी सुलेमानीची वीस वर्षांची ऊठबस होती, ती नेमणुकीच्या कागदावर मिळत नाही. पण त्याचा परिणाम टोळ्या पांगण्यात झाला नाही. येमेनमधले इराणच्या पाठबळावरचे बंडखोर हूती बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं आणि पुढे जहाजांवर हल्ल्यांचा सपाटा लावला. सुएझचा रस्ता सोडून मालवाहू जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली ती सुलेमानी मेल्यानंतर चार वर्षांनी.

हत्येने काहीच साधत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हिजबुल्लाची कंबर मोडली, हे उघड आहे. पण ती एका नसरल्लाच्या मरणाने मोडली का? आधी जुलैत तिचा लष्करी म्होरक्या फुआद शुक्र गेला, १७ आणि १८ सप्टेंबरला तिच्या माणसांकडचे पेजर आणि वॉकीटॉकी फुटले, २७ ला नसरल्ला मेला, मग इस्रायली फौज जमिनीवरून आत शिरली, आणि डिसेंबरात दमास्कसमध्ये सीरियाचे अध्यक्ष असद यांची सत्ता पडल्यावर इराणकडून येणारी रसदच तुटली. एवढ्या सगळ्यातून एक फोटो काढून त्यावर फुली मारली की गोष्ट सोपी होते, खरी होत नाही.

आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे लेबनॉनवरून शिकवावं लागावं, याचंच मला हसू येतं.

जोधपूरच्या गादीवरून रामसिंह आणि बिजेसिंह यांची भांडणं लागली होती. रामसिंहाच्या पाठीशी मराठे. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या वादात आपली फौज, आजच्या पश्चिम आशियात चाललंय तसंच. जयाप्पा शिंद्यांनी बिजेसिंहाला नागोरात कोंडलं होतं. जुलै १७५५ मध्ये छावणीत दग्याने शिरलेल्या मारेकऱ्यांनी जयाप्पांना मारलं. मारवाडात त्या खोखर मारेकऱ्याच्या कौतुकाची म्हण पडली, इतकी ती बातमी गोड वाटली. पण वेढा उठला नाही. भाऊ दत्ताजी होते, त्यांनी सूत्रं हातात घेतली, आणि १७५६ च्या सुरुवातीला बिजेसिंहाला तहावर यावं लागलं. अजमेर गेलं, वर जबर खंडणी बसली. संतापाच्या भरात मराठ्यांच्या छावणीत मध्यस्थीला आलेले मेवाडचे सलूंबरचे रावतही कापले गेले. त्यांचा या खुनाशी काडीचा संबंध नव्हता.

नंतर १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पानिपतात तुकोजी गेले, जयाप्पांचा मुलगा जनकोजी पकडून मारला गेला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मूळपुरुष राणोजी, त्यांच्या घरातली कर्ती माणसं अशी एकामागून एक गेली. उरले महादजी, तेही पायाला जन्मभराची जखम घेऊन, राणेखानाने वाचवले म्हणून. या घराचा निकाल लागला असं मराठ्यांचा वैरी रोहिला सरदार नजीबखान याला वाटलं असेल तर त्यात नवल नाही. फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी दिल्लीत होते, आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी नजीबाचा पत्थरगड किल्ला घेऊन त्याची कबर उकरली. ग्वाल्हेरच्या बाडा चौकावरून जाता-येता ज्या घराण्याचं नाव आपण रोज वाचतो, त्याचा इतिहास हा आहे.

यावर काकांचं म्हणणं तयार होतं: "अरे, पण विश्वासराव पडले आणि पानिपत हातचं गेलं ना?" गेलं. भर रणात, फौज समोर उभी असताना, नेता डोळ्यांदेखत पडला तर फळी फुटते. दमास्कसच्या इमारतीत किंवा तेहरानच्या फ्लॅटमध्ये मारलेला अधिकारी रणात फौजेसमोर उभा नसतो. त्याचा दुय्यम अधिकारी दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर बसतो. सैन्यात हुद्द्यांची उतरंड असते ती त्याचसाठी.

दुसरा दावा, 'इराणने उलट वार केला नाही', दोन तारखांत निकालात निघतो. सुलेमानीनंतर पाचव्या दिवशी, ८ जानेवारी २०२० ला, इराकमधल्या अमेरिकी सैनिकांच्या ऐन अल असद तळावर इराणी क्षेपणास्त्रं पडली. अमेरिकेने आधी कोणी जखमी नाही म्हणून सांगितलं, पुढे शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला मार लागल्याचं कबूल केलं. १ एप्रिल २०२४ ला दमास्कसच्या इराणी वकिलातीच्या आवारात गार्डचा जनरल मोहम्मद रझा झाहेदी इस्रायलच्या हल्ल्यात मारला गेला, आणि १३ तारखेच्या रात्री इराणने आपल्या भूमीवरून थेट इस्रायलवर तीनशेच्या वर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. तोवर दोघं आडून लढत होते. ती आड त्या रात्री गेली. बहुतेक माऱ्याचा हवेतच निकाल लागला, हे मान्य. पण निष्फळ वार आणि न केलेला वार एकच नव्हे.

तिसरा दावा वाचून मात्र राग आला. 'निरपराध मरत नाही.' ऐन अल असदवर मारा करून इराणी विमानवेधी दल अमेरिकेच्या प्रतिहल्ल्याची वाट बघत, बोट चापावर ठेवून बसलं होतं. त्याच पहाटे तेहरानहून कीवला निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान त्यांना शत्रूचं वाटलं. दोन क्षेपणास्त्रं, १७६ माणसं. त्यांत सुटीला घरी येऊन कॅनडाला परत निघालेले विद्यार्थी होते. इराण तीन दिवस नाकारत राहिला, मग कबूल झाला. त्याच्या आदल्याच दिवशी केरमानला सुलेमानीच्या अंत्ययात्रेत चेंगराचेंगरी होऊन पन्नासहून अधिक लोक गेले होते. ड्रोन मारणाऱ्याने यातलं कोणालाच मारलं नाही, बरोबर. पण मजकुराचा हिशेब हत्येच्या दिवशीच बंद होतो, आणि माणसं मरतात ती पुढच्या आठवड्यात.

चौथा दावा, 'युद्धात सगळं माफ', थोडक्यात. युद्ध चालू असताना शत्रूचा वर्दीतला अधिकारी हे वैध लक्ष्य असतं, इथपर्यंत कायदा मजकुराच्या बाजूने आहे. पण १९०७ च्या हेगच्या नियमांत विश्वासघाताने मारण्यावर बंदी आहे, आणि युद्ध जाहीर नसताना तिसऱ्याच देशात जाऊन मारलं तर प्रश्न आणखी अवघड होतो. सुलेमानीसोबत मेलेला अबू महदी अल मुहंदिस हा इराकच्या सरकारी दलाचा उपप्रमुख होता. दोन दिवसांत इराकी संसदेने परकी फौजा घालवण्याचा ठराव केला. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतो: २०२२ मध्ये अमेरिकेनेच आरोप ठेवला की गार्डचा एक माणूस सुलेमानीच्या बदल्यात माजी सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांना मारण्याचा कट करत होता. मारण्याचा पायंडा दोन्हीकडे पडतो. इराण तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? त्याचे मारेकरी १९९१ मध्ये पॅरिसजवळ इराणचे माजी पंतप्रधान शापूर बख्तियार यांना मारायला त्यांच्या घरात शिरलेच होते.

राहिला अफझलखान. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली खान पडला, त्याच घटकेला जावळीच्या रानात दडवलेली फौज त्याच्या छावणीवर तुटून पडली, आणि अठरा दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. पोटात खुपसलेल्या वाघनखांची गोष्ट आपण सांगतो, जावळीतल्या तयारीची सांगत नाही. आणि एवढं होऊनही आदिलशाही संपली नाहीच, पुढच्याच वर्षी तिचा सरदार सिद्दी जौहर पन्हाळ्याला वेढा घालून बसला.

आणि मिराज. २६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातल्या बालाकोटवर गेलेली मिराज आपल्या इथूनच उडाली होती, त्याचा अभिमान मलाही आहे. पण दुसऱ्या दिवशीचं मजकुरात नाही. २७ तारखेला हवेत चकमक चालू असताना श्रीनगरजवळ बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. तेहरानचं विमान पडलं ते असंच, फरक एवढाच की बडगामची माणसं आपली होती. आणि ही वेळ आली ती लक्ष्य दहशतवाद्यांचा तळ होता तेव्हा. बालाकोटच्या दिवशी दिल्लीत तेव्हाचे परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी मुद्दाम सांगितलं होतं की ही कारवाई लष्करी नाही, तिचं लक्ष्य फक्त दहशतवाद्यांचा तळ आहे आणि नागरिकांची हानी टाळायची आहे. ज्या सरकारचं कौतुक करायला हा मजकूर लिहिलाय, त्याने जे कटाक्षाने टाळलं तेच करा असं मजकूर सांगतोय.