कान्हेरे, जॅक्सन आणि गोल्फ क्लबचं मैदान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला १९०९मध्ये अनंत कान्हेरेने गोळ्या घालून मारलं, त्यावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच खरडपट्टी काढलीत. पण वाचून काढलीत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मी कलेक्टर जॅक्सनला नुसता जुलमी गोरा रंगवलं आणि त्याची विद्वत्ता दडवली, अनंत कान्हेरे हे लंडनहून हलवलेलं प्यादं होतं, फाशीचं ठिकाण मी चुकवलं, आणि एका खुन्याचं नाव मैदानाला असण्यात नाशिककरांनी अभिमान वाटून घेण्यासारखं काय आहे?

आधी चूक कबूल. फाशी नाशिकला नव्हे, ठाण्याच्या तुरुंगात झाली, १९ एप्रिल १९१० रोजी. मूळ लेखात दुरुस्त केलं आहे.

जॅक्सनबद्दलही तुमचा मुद्दा मान्य. तो संस्कृत जाणणारा होता, 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जायचा. लेख लांबतोय म्हणून मी ते गाळलं, आणि हे कारण लंगडं आहे. घातलं असतं तर गोष्ट उलट जास्त बोचरी झाली असती. कोकणातल्या गावदेवता, भुतंखेतं, नवस, चालीरीती यांची माहिती त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती छापली. आणि त्याच्यावर पिस्तूल रोखणारा पोरगा मूळचा कुठला, तर खेड तालुक्यातल्या आयनीचा! साहेब ज्या मुलखातल्या भुतांची टिपणं जमवत होता, त्याच मुलखातला.

पण या विद्वान साहेबाच्याच कारकिर्दीत, त्याच्याच जिल्ह्यात विनायकराव सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांच्यावर खटला झाला. गुन्हा काय, तर कवी गोविंदांच्या वगैरे कविता छापून प्रसिद्ध करणं. शिक्षा: जन्मठेप, काळं पाणी, वर मालमत्ता जप्त. जून १९०९ची गोष्ट. कविता छापल्या म्हणून राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं कलम! शिक्षा न्यायालयाने दिली, जॅक्सनने नव्हे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण तिळभांडेश्वराच्या गल्लीत राहणाऱ्याला तेव्हा कलेक्टर आणि सरकार या दोन गोष्टी होत्याच कुठे? माणूस सज्जन असेलही. त्याच्या सज्जनपणाने बाबारावांची अंदमानची बोट थांबली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता प्यादं. वीस ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाबरोबर आली, हे खरं. ती पाठवल्याबद्दल विनायकराव सावरकरांवर वेगळा खटला चालून दुसरी जन्मठेपही झाली, आणि दोन्ही मिळून पन्नास वर्षं. मात्र तारखा बघा. अमीन निघाला फेब्रुवारी १९०९मध्ये आणि बाबारावांना शिक्षा झाली जूनमध्ये. म्हणजे पिस्तुलं निघाली तेव्हा सूड घ्यायला अजून काही घडलंच नव्हतं. जॅक्सनचं नाव ठरलं ते इथे नाशकात, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्या गटात. कान्हेरे औरंगाबादेहून, म्हणजे निजामाच्या हद्दीतून इथे आला. जॅक्सनची मुंबईला बदली झाली आणि बेत घाईने उरकावा लागला. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, साहेबाच्या निरोपासाठी किर्लोस्कर मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग. कान्हेरे चुकला तर देशपांडे, देशपांडे चुकला तर कर्वे, अशी फळी लावलेली. अठरा वर्षांचं वय कच्चं असतं, हे मीही मानतो. पण कुणी तरी भरीला घातलं म्हणून सोडून देण्याइतका हा मुलगा भोळा नव्हता.

आणि तरीही, निरोपाच्या नाटकाला आलेल्या माणसावर गोळ्या झाडणं मला आजही सहज गिळवत नाही. लेखात मी ते लिहिलं नाही, कारण लिहायला कचरलो. तुमच्या प्रतिक्रियेचा खरा उपयोग मला इथे झाला.

मैदानाचं म्हणाल तर माझी तक्रार तुमच्या बरोबर उलटी आहे. स्टेशनवर रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' सांगून बघा. तो वळून विचारेल, "म्हणजे गोल्फ क्लब ना?" सकाळी फेऱ्या मारायला जाणारे आम्हीही गोल्फ क्लबच म्हणतो, रणजीचा सामना असला तरी गोल्फ क्लबवरच असतो. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, नाव मात्र आमच्या जिभेवर ठाण मांडून बसलंय. तेव्हा नावाचा फार गाजावाजा होतोय ही भीती सोडा. शिवाय त्या दिवशी फाशी गेले ते तिघं. प्रेतंसुद्धा घरच्यांना दिली नाहीत. पाटीवर एकाचं नाव आहे. कर्वे आणि देशपांडे कोण, हे माझ्या इमारतीत दहा जणांना विचारलं. एकाला, तोही निवृत्त इतिहासाचा मास्तर, सांगता आलं.

त्या दोघांवर वेगळं लिहायला घेतलं आहे. जॅक्सनचा परिच्छेद मूळ लेखात आज रात्री घालतो, आणि निरोपाच्या प्रयोगाबद्दल इथे लिहिलेलं वाक्यही. 'हुतात्मा' शब्द काढा, ही तुमची सूचना मात्र मानणार नाही.