मलेनिया नशिबानं नाही, मोजून हरते

‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या सांगलीतल्या पोरांमध्ये एक सल्ला तोंडोतोंडी फिरतोय. मलेनिया या गेममधल्या तलवारवाल्या महाकठीण शत्रूसमोर मोठी ढाल धर, लांब राहा, वार आला की मागं लोळ, आणि वॉटरफाउल डान्स, म्हणजे तिचा झोताझोतानं येणारा वारांचा नाच, आलाच तर नशिबावर सोड. गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, तरी नवी पोरं अजून याच सल्ल्यापायी रात्र रात्र मरतायत. म्हणून लिहितोय.

आधी ढाल. मलेनियाचा वार लागला की तिची हेल्थ भरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वार ढालीवर घेतला तरी ती भरते, हे कुणी सांगत नाही. नुसते ढालीआड बसलात तर तुम्हीच तिला पोसताय. ढालीआडून रक्तस्राव करणारं रेपियर (बारीक टोचणारी तलवार) सतत टोचत राहिलात तर ते चालतं, कारण ती भरते त्याहून जास्त तुम्ही काढता. मदतीला बोलावलेल्या स्पिरिट ॲशवर (आत्मा-साथीदारावर) पडलेला वारही तिलाच बळ देतो, हेही ध्यानात ठेवा.

मागं लोळणं तर सगळ्यात वाईट. तिची तलवार लांब, आणि तिचे वार पुढं सरकत येतात. तालमीत मागं सरकणाऱ्या गड्याचा पट निघतो, तसंच इथं होतं. तिच्या बगलेत, वाराच्या आत लोळा. शिवाय ती पटकन डळमळते. जड हत्याराचा एक घाव नीट बसला की तिचा पुढचा वार तुटतो.

आता वॉटरफाउल. यात नशीब अजिबात नाही. तिची हेल्थ साधारण पाऊण उरली की ती हा नाच सुरू करते. उडी मारून हवेत क्षणभर थांबते, तोच इशारा. मधल्या अंतरावर असाल तर लॉक-ऑन (कॅमेरा तिच्यावर रोखून धरणं) सोडा आणि सरळ लांब पळा, पहिला झोत तुमच्यापर्यंत पोचत नाही. दुसऱ्याला तिच्याकडं, तिच्या खालून लोळा. तिसऱ्यालाही पुढंच. हवेत थांबलेली असताना फ्रीझिंग पॉट (फेकायचं गोठवणारं मडकं) नेमका बसला तर नाचच मोडतो.

माझा आत्येभाऊ विश्रामबागेत माझ्या शेजारी बसून खेळत होता. "दादा, पळतोय की मी!" म्हणत तो दर वेळी दुसऱ्या झोतालाही पळायचा आणि मरायचा. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं, तेव्हा दिसलं की दुसऱ्या वेळीही त्याचा अंगठा स्टिक मागंच ओढत होता. त्यानंतर "एक पळ, दोन आत, तीन आत" असं मोठ्यानं म्हणत खेळला.

लेव्हल वाढवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: व्हिगर (हेल्थ वाढवणारा गुण) ६० केलं तरी पूर्ण नाच अंगावर घेऊन वाचणं कठीणच. ‘लेट मी सोलो हर’ म्हणून गाजलेला खेळाडू डोक्यावर मडकं, अंगावर लंगोट आणि हातात दोन कटाना (जपानी तलवारी) घेऊन परक्यांसाठी तिला एकटा हरवायचा. त्याच्याकडं ढाल नव्हती.

लढाईच्या दुसऱ्या फेरीत मलेनिया फूल होऊन कोसळते तेव्हा लांब पळा, आणि ती फुलात असेपर्यंत कडेनं लांब हत्यार चालवा. आत्येभावानं शेवटचा घाव तिथंच घातला.