रॉ फाइल करडी असते म्हणून रंग खोटे ठरत नाहीत

गेल्या आठवड्यात थोरल्या काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. अवकाशाचे रंगीत फोटो म्हणजे शुद्ध फसवणूक, असा त्याचा मथळा. कॅमेऱ्याची मूळ फाइल, म्हणजे रॉ, काळी-पांढरी असते, नाहीतर हिरवट. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरतात. दुर्बिणीतून बघा, तेजोमेघ (अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग) करडाच दिसतो. शेकडो फोटो एकावर एक चढवून नसलेलं चित्र उभं करतात. खरा फोटो तोच जो कॅमेऱ्यातून थेट निघतो. खाली काकांनी दहावीतल्या माझ्या भाच्याला उद्देशून लिहिलं, "बाळा, उगाच थंडीत रात्री जागू नकोस."

हा मुलगा जानेवारीत माझ्याबरोबर चाळकेवाडीच्या पठारावर कुडकुडत बसला होता. मृगातल्या तेजोमेघाचे ३० सेकंदांचे १२० फोटो त्याने स्वतः काढले, पुढचे चार दिवस त्यावर काम केलं आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रिंट काढली. मेसेज वाचून त्याने प्रदर्शनातून नाव मागे घेतलं. मला म्हणाला, "मावशी, म्हणजे मी पण रंगवलंच ना?" म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो "रंग भरतात" हा मुद्दा, कारण सगळं नुकसान त्यानेच केलं आहे. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला (पिक्सेलला) फक्त किती प्रकाश पडला एवढंच कळतं, हे खरं. पण त्या प्रत्येक ठिपक्यावर तांबडा, हिरवा किंवा निळा असा इवलासा फिल्टर बसवलेला असतो. चारांच्या चौकटीत दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही रचना. तिचं पेटंट १९७६ सालचं आहे आणि कोणालाही वाचता येतं. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख ठिपके हिरवा प्रकाश मोजतात, ६०-६० लाख तांबडा आणि निळा. फाइलमध्ये नुसते आकडे असतात, पण कुठला आकडा कुठल्या फिल्टरखालचा हे ठरलेलं असतं. शेजारच्या ठिपक्यांवरून प्रत्येक जागचे उरलेले दोन रंग काढायचे, याला डिबेअरिंग म्हणतात. रंग फोटो काढतानाच मोजलेला असतो. कोणी ब्रश घेऊन बसत नाही.

भाच्याला हे सांगून पटेना. मग त्याच कॅमेऱ्याने ओट्यावरच्या कंदी पेढ्यांच्या बॉक्सचा रॉ फोटो काढला आणि डिबेअर न करता स्क्रीनवर खूप मोठा केला. पेढे करडे. जवळून पाहिलं तर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि निळ्या फिल्टरखालचे चौकोन जवळजवळ काळे, कारण तपकिरी पेढ्यावरून निळा प्रकाश फारसा परत येतच नाही. डिबेअर केल्यावर पेढे तपकिरी. तेजोमेघाचा रंग खोटा म्हणायचा असेल तर काकांनी फोनवर काढलेले लग्नाचे सगळे फोटोही खोटे म्हणावे लागतील. त्यांच्या फोनच्या सेन्सरवरही फिल्टरच आहेत.

आता हिरवटपणा. सेन्सर हिरव्या फिल्टरखाली जास्त प्रतिसाद देतो, म्हणून डिबेअर केलेलं कच्चं चित्र आधी हिरवट दिसतं. ते सावरायला तांबड्या आणि निळ्या आकड्यांना एका ठरलेल्या पटीने गुणतात. ती पट अख्ख्या चित्राला एकच असते, एका ताऱ्याला एक आणि दुसऱ्याला दुसरी असं करत नाहीत. तरीही मृगाच्या एकाच फोटोत काक्षी तांबूस येते आणि राजन्य निळसर. साताऱ्यातल्या कुठल्याही गच्चीवरून हिवाळ्यात हे दोन तारे नुसत्या डोळ्यांनी बघा, रंगातला फरक तिथेही दिसतो.

दुर्बिणीतून करडं दिसतं ते डोळ्यामुळे. मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत. रात्री लाइट गेल्यावर कपाटातली लाल साडी आणि हिरवी साडी सारखीच दिसते, म्हणून साड्यांचा रंग उडाला असं कोणी म्हणत नाही.

फोटो एकावर एक चढवतात ते सरासरी काढायला. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, खरखर (चित्रातले विस्कळीत दाणे) मात्र दर वेळी वेगळी. १२० फोटोंच्या सरासरीत ती साधारण अकराव्या हिश्शावर येते. यात नवं काही घुसडलेलं नसतं.

आणि "थेट" फोटो असा काही नसतोच. जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातून मिळणारा तयार फोटो, त्यासाठी हीच कामं कॅमेरा स्वतः क्षणात उरकतो आणि १४ बिटच्या रॉमधल्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्यांच्या २५६ करून देतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. हबल या अवकाश दुर्बिणीने १९९५ साली काढलेल्या तेजोमेघातल्या स्तंभांच्या प्रसिद्ध फोटोतलं दृश्य डोळ्यांना तसं दिसणार नाही. त्यात गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. हायड्रोजनचा तो प्रकाश खरा तांबडा, ६५६ नॅनोमीटरचा. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण तर प्रामुख्याने अवरक्त प्रकाश टिपते, तो आपल्याला दिसतच नाही. तिथे रंग नेमून दिलेले असतात आणि हे नासा उघड सांगते. प्रकाश मात्र मोजलेलाच असतो. हौशी मंडळी रंग जरा जास्त गडद करतात, हेही खरं. भाच्यानेही केला होता. पण साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे असलेला आणखी एक फिल्टर हायड्रोजनचा तो तांबडा प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे त्याच्या फाइलमध्ये तांबडा मुळात कमीच आला होता.

प्रदर्शनाला अजून आठ दिवस आहेत. त्याने परत नाव दिलं आहे. प्रिंटशेजारी त्याच रॉ फाइलचा करडा तुकडा मोठा करून लावणार आहोत, आणि त्याच्याखाली पेढ्यांचे दोन फोटो.