करारनाम्यात वडिलांचं नाव घातलं की झालं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी म्हटलं होतं, की मुलाच्या पहिल्या फ्लॅटसाठी आई-वडिलांनी पैसे द्यायचे तर बक्षीस म्हणून द्यावेत, तशी नोंद कागदावर ठेवावी आणि करारनाम्यात स्वतःचं नाव घालण्याच्या फंदात पडू नये. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. घरातल्या घरात लिखापढी म्हणजे आपल्याच हाताने कोर्टकचेरीचं बी पेरणं, हा पहिला. वडिलांचं नाव घरावर असलं की उद्या मुलाची मती फिरली तरी डोक्यावरचं छप्पर जात नाही आणि मी नेमकं तेच सोडायला सांगतोय, हा दुसरा. आणि दुसऱ्या अपत्याचं काय, हा तिसरा.

तिसरा पूर्ण मान्य, दुसरा अर्धा मान्य, पहिला अजिबात नाही. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

पुण्यातला 80 लाखांचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट धरू, म्हणजे जीएसटीचा प्रश्न नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतं. इथे 64 लाख. उरलेले 16 लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, तीही खिशातूनच: 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार आणि नोंदणीचे 30 हजार. एकूण जवळपास 22 लाख. बहुतेक घरांत आई-वडिलांची मदत लागते ती याच खड्ड्यात, आणि "मग माझंही नाव घाला" हे वाक्यही इथेच येतं.

नाव घातल्यावर काय होतं? बँका सहसा प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार करून घेतात. सहकर्जदार म्हणजे अर्ध्या कर्जाचा धनी नव्हे. हप्ता थकला तर बँक पूर्ण रकमेसाठी दोघांपैकी कुणाकडेही येऊ शकते. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 64 लाखांचा हप्ता साधारण 55,500 रुपये. मुलाची नोकरी गेली, तर हा आकडा पेन्शनवाल्या माणसाच्या सिबिल अहवालात थकबाकी म्हणून दिसतो. (जामीनदार झालात तरी सुटका नाही. 1872च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; आधी मुलाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही.)

दुसरी गोष्ट फारसं कुणी आधी विचारत नाही. वडिलांचं उत्पन्न पात्रतेत धरलं, तर कर्जाची मुदत सहसा दोघांतल्या मोठ्याच्या, म्हणजे वडिलांच्या, वयावर ठरते. मुदत 20 ऐवजी 10 वर्षांची झाली, तर त्याच 64 लाखांचा हप्ता 79 हजारांच्या वर जातो. मदत करायला गेलेले वडीलच मुलाचा हप्ता 24 हजारांनी वाढवून बसतात. वडिलांचं उत्पन्न न धरता त्यांना नुसतं सहकर्जदार ठेवलं तर मुदत किती देणार, हे बँकेला अर्ज भरण्याआधी विचारायचं. मंजुरीपत्र हातात पडल्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट हिश्श्याची. करारनाम्यात दोन नावं आहेत, पण कुणाचा किती हे लिहिलेलं नाही, असे करारनामे सर्रास दिसतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि ते सिद्ध झालं नाही तर समसमान. म्हणजे वीस वर्षांनी कुणीतरी जुनी पासबुकं काढून बसणार. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांचा हिस्सा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांच्यात सारखा वाटला जातो. ज्या फ्लॅटचे हप्ते मुलगा एकटा भरतोय, त्यात आता बहीणही मालक. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे, हे उत्तर पुरत नाही. नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा सांभाळणारा असतो.

"टॅक्स वाचतो म्हणून दोन नावं" हे कारणही आता बरंच पोकळ झालंय. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. जुन्या प्रणालीत प्रत्येक सहमालकाला 2 लाखांपर्यंत ती मिळते, पण तो सहकर्जदार असून स्वतः हप्ता भरत असेल तरच. आणि घर मुलीसाठी असेल तर आणखी एक मेख: महाराष्ट्रात फक्त महिलांच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. मुलगी आणि आई अशी नावं असतील तर सवलत मिळते, त्यात वडिलांचं नाव आलं की जाते. 80 लाखांवर 80 हजार रुपये, निव्वळ मानापोटी.

राहिला छप्पराचा प्रश्न. सहमालकाला घराबाहेर काढता येत नाही, हे तुमचं बरोबर. पण मदत करणारे आई-वडील बहुधा स्वतःच्या वेगळ्या घरात राहतात. त्यांना म्हातारपणी छप्पर नको असतं, पैसा हवा असतो, आणि फ्लॅटमधला अविभाजित 20-25 टक्के हिस्सा बाजारात कुणी विकत घेत नाही. तो मोकळा करायचा म्हणजे मुलाने विकायला तयार व्हावं किंवा तुम्ही वाटपाचा दावा लावावा. ज्या कोर्टाला तुम्ही भिता, ते इथे उभं आहे.

आता माझी चूक. आई-वडील स्वतःचं राहतं घर विकून तो पैसा मुलाच्या मोठ्या घरात घालत असतील आणि तिथेच राहायला जाणार असतील, तर माझा मागचा सल्ला साफ चुकीचा आहे. तिथे नाव हवंच, आणि हिस्सा टक्क्यांत करारनाम्यातच लिहिलेला हवा. शिवाय जुनं घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरची सवलत घ्यायची, तर विक्रीच्या आधी एक किंवा नंतर दोन वर्षांत नवं घर घ्यावं लागतं (बांधायचं असेल तर तीन वर्षं) आणि त्या घरावर विकणाऱ्याचं नाव असलेलं बरं. फक्त मुलाच्या नावावर घेतलेल्या घरांवरून आयकर खात्याशी वाद झालेत आणि उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. पुढे कधी आपला हिस्सा मुलाला द्यावासा वाटला, तर नोंदणीकृत बक्षीसपत्राने देता येतो. महाराष्ट्रात निवासी घर मुला-मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची परवानगी. ही अर्धी बाजू मी लिहायला हवी होती.

पण वेगळ्या घरात राहणाऱ्या आई-वडिलांना संरक्षण हवं असेल, तर ते नावात नाही, अटीत आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा 2007चा कायदा म्हणतो, की 60 वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीने आपल्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. या कायद्यात मालमत्तेमध्ये जंगम मालमत्ता, म्हणजे पैसाही, येते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अशी अटच नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. जानेवारी 2025च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, पण तिथेही देखभालीचं वचन कागदावर होतं. म्हणजे न लिहिता, विश्वासाने दिलेल्या पैशाला हे कवच नाही.

यातूनच तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. तुम्ही लिहा किंवा लिहू नका, बँक लिहून घेतेच. मुलाच्या खात्यात अचानक 16 लाख दिसले की बँक विचारते, आले कुठून? मग वडिलांचं पत्र मागते. ते पत्र असं असतं: "मी माझ्या बचतीतून रुपये 16,00,000 अमुक तारखेला अमुक खात्यातून माझ्या मुलास घरखरेदीसाठी बक्षीस दिले असून ही रक्कम परत मिळण्याची माझी अपेक्षा नाही." यावर सही होते आणि त्याच संध्याकाळी घरात ठरतं, की पाच वर्षांनी पैसे परत द्यायचे. भांडणं निघतात ती इथून. वडिलांच्या डोक्यात उसने, मुलाच्या डोक्यात मदत, सुनेच्या डोक्यात घरच्यांनी दिलेलं, आणि बँकेच्या फायलीत बक्षीस. शिवाय परत घ्यायचे पैसे बक्षीस म्हणून दाखवणं म्हणजे बँकेला खोटं लिहून देणं.

म्हणून पैसे हलण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: बक्षीस, उसने की हिस्सा. तिन्ही चालतात, तिघांची भेसळ चालत नाही.

उसने असतील तर बँकेला तसं सांगायचं. ती ते मुलाच्या डोक्यावरचं कर्ज धरून पात्रता कमी करील, पण ते खरं असेल. करार मुद्रांकावर करायचा, परतफेडीच्या तारखा घालायच्या आणि रक्कम खात्यातूनच द्यायची. 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख रक्कम कर्ज म्हणून घेता येत नाही, फेडताही येत नाही. दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो. नात्यातलं कर्ज बुडतं ते मात्र मुदतीच्या कायद्यात. "मागशील तेव्हा देईन" असं ठरलं असेल, तरी वसुलीची तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. ती संपण्याआधी मुलाने "एवढे देणे बाकी आहे" अशी सही दिली किंवा काही रक्कम भरली आणि त्याची सहीची नोंद राहिली, तर पुढची तीन वर्षं मिळतात. दर दिवाळीला एका ओळीच्या कागदावर सही घ्यायला कुणाला संकोच वाटत असेल, तर ते पैसे आतापासूनच बक्षीस समजावेत.

बक्षीस असेल तर करांचा जाच नाही. आई-वडिलांकडून मिळालेल्या रकमेवर मुलाला आयकर नाही, रक्कम कितीही असो. 50 हजारांची मर्यादा परक्यांकडून मिळालेल्या भेटीला आहे. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून ते देत नाही.) फक्त सुनेच्या खात्यात थेट देऊ नका. तिलाही कर लागत नाही, पण त्या पैशातून घेतलेल्या घराचं भाडं आलं तर ते देणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मुलाला दिलं तर तसं होत नाही. वडिलांच्या खात्यातून परस्पर बिल्डरला चेक, हाही घोळ. आधी मुलाच्या खात्यात, तिथून बिल्डरला. म्हणजे घर कुणाच्या पैशाचं हे दोन पासबुकांवरून सरळ दिसतं.

आता दुसरं अपत्य. मी हा विषय गाळला, ते चुकलंच. हयातीत एकाला दिलेली रक्कम पुढे वाटणीत आपोआप वळती होते, असा समज सगळीकडे आहे आणि तो खरा नाही. मुलाला 22 लाख दिले आणि मृत्युपत्र नसेल, तर उरलेल्यात मुलगा आणि मुलगी पुन्हा समान वाटेकरी. मुलीला भरपाई द्यायची असेल तर मृत्युपत्रात तसं लिहावं लागतं: अमुक साली मुलास घरासाठी अमुक रक्कम दिली आहे, म्हणून अमुक ठेव मुलीस. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. आणि हे तिला आधी सांगावं. मृत्युपत्र उघडल्यावर कळलेला न्याय कुणाला न्याय वाटत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, की मुलाने फ्लॅट पसंत केलाय, बांधकाम चालू आहे, बिल्डर करारनाम्याआधीच 20 टक्के मागतोय आणि नावांचं "नंतर बघू" म्हणतोय. दोन्हीला नाही म्हणा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय त्याला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि नावं बुकिंग अर्जावरच पक्की करा, कारण करारनामा, कर्ज आणि सोसायटीचं सभासदत्व याच नावांनी पुढे सरकतं. नोंदणीनंतर नाव वाढवायचं किंवा काढायचं म्हणजे नवा दस्त, बँकेची परवानगी आणि बिल्डरच्या ऑफिसात आठ-दहा फेऱ्या.