'तिकीट काढून बघा' म्हणणाऱ्या वाचकास

मराठी सिनेमाची खरी परीक्षा पहिल्या वीकेंडला नसते, ती दुसऱ्या शुक्रवारी सुरू होते, असं मी गेल्या रविवारच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'अनामिक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. दुसऱ्या आठवड्यात शो वाढवले की गल्ला वाढणारच, त्यात कौतुक कसलं? मी दिलेले आकडे निर्मात्यांच्या पोस्टरवरचे आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून निर्मात्याचा वाटा घटतो, हे मी सांगितलंच नाही. 'वेड'ची तारीख चुकली आहे. आणि शेवटी हे वाक्य: 'बॉक्स ऑफिसवर लिहिणाऱ्यांनी कधीतरी तिकीट काढून सिनेमा बघावा.'

तारखेबद्दल आभार. 'वेड' ३० डिसेंबर २०२२ला लागला, मी जानेवारी २०२३ लिहून बसलो. त्याचा दुसरा वीकेंड जानेवारीत आला आणि तोच डोक्यात होता. चूक ती चूक. दुरुस्त केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य.

माझा मामा तालुक्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. मामाकडे गेलो की माझी संध्याकाळ त्या दारापाशीच जायची. फाडलेली अर्धुकं तो तारेत ओवून ठेवायचा आणि रात्रीचा शेवटचा शो सुटला की बाल्कनीची वेगळी, स्टॉलची वेगळी मोजून मॅनेजरपुढे ठेवायचा. मॅनेजर ते आकडे वितरकाच्या माणसासमोर वहीत उतरवायचा. त्या वहीत रविवारची ओळ कायम लांब असायची, त्याचं कुणालाच अप्रूप नव्हतं. सगळे बघायचे ती सोमवारच्या मॅटिनीची ओळ.

'यशस्वी दुसरा आठवडा' छापलेल्या पिवळ्या पट्ट्यांचा गठ्ठा सिनेमाच्या रिळांच्या पेटीबरोबरच यायचा. म्हणजे यश आधीच छापून तयार! सोमवार बरा गेला की गुरुवारी रात्री मामा खळ लावून त्या पोस्टरवर तिरक्या चिकटवायचा. सोमवार पडला की गठ्ठा तसाच पडून राहायचा आणि आम्ही पोरं त्याची वह्यांना कव्हरं घालायचो. सहावीत माझी गणिताची वही 'यशस्वी दुसरा आठवडा' होती. वर्गात त्यावरून काय काय ऐकून घेतलं ते इथे सांगत नाही.

तर अनामिकराव (किंवा अनामिकाताई, नाव लिहिलं असतं तर हा घोळ झाला नसता), मला 'दुसरा आठवडा' म्हणजे काय ते समजावू नका. हो, त्या काळात मी तिकीट काढलं नव्हतं. डोअरकीपरच्या भाच्याला कोण तिकीट मागतं? पण तुमचा रोख तिकडे नव्हता, फुकट्या म्हणण्याकडे होता. ते मला कळतं.

आणि तिकीटच हवं असेल तर ऐका. 'बाईपण भारी देवा' लागला ३० जून २०२३ला. दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं गेलो तर ओळीने तीन शो फुल्ल. चौथ्याला मिळाल्या त्या पडद्याला नाक लागेल अशा दोन खुर्च्या. मागच्या तीन रांगा एका भिशी मंडळाने धरल्या होत्या. त्यांतल्या एक काकू हातात कागद घेऊन दारातच उभ्या. कोणाचे पैसे आले, कोणाचे यायचेत, यावर पेनाने खुणा चाललेल्या. दोन नावांपुढे काहीच नव्हतं, त्यावरून मध्यंतरापर्यंत कुजबुज सुरू होती. शेवटी गाणं लागल्यावर तीच मंडळी पडद्यासमोरच्या जागेत फुगड्या घालत होती आणि त्या जागेत आमचे पायही होते.

शो वाढवले म्हणून त्या आल्या, असं तुमचं म्हणणं. अहो, शो वाढवतं कोण? मल्टिप्लेक्सवाल्याला मराठीचा कळवळा आहे का? मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळत नाही म्हणून २०१५मध्ये सरकारला नियम करावा लागला. आधी ठरलं संध्याकाळी सहा ते नऊ. ओरड झाल्यावर प्राइम टाइमच ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केला. भर दुपारी बाराच्या शोला प्राइम टाइम म्हणायची वेळ जिथे येते, तिथे दुसऱ्या शुक्रवारी नव्या सिनेमांना बाजूला सारून जुन्याला कोणी हौसेने शो देत नाही. सोमवार-मंगळवारी खुर्च्या भरल्या, तरच बुधवारी पुढच्या आठवड्याचे शो ठरवणारा प्रोग्रॅमिंगवाला हात सैल सोडतो. म्हणजे आधी माणसं येतात, मग शो येतात. तुम्ही बैलापुढे गाडी जोडताय.

नुसत्या शोने गल्ला होत असता तर २००९मध्येच दिसलं असतं. एप्रिल ते जून हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण पेटलं होतं, मोठे हिंदी सिनेमे येईनात, पडदे ओस. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' ३ एप्रिलला लागला आणि आठवडेच्या आठवडे चालला. मोकळे पडदे त्याच्या पथ्यावर पडले, हे मान्य. पण मोकळे पडदे तर सगळ्यांनाच होते! त्या दिवसांत जे जे लागलं त्या सगळ्याला हाउसफुल्लचा बोर्ड लागला का? आठवून बघा. तुमचं वय तेवढं असेल तर.

'बाईपण'चे पहिले तीन दिवस साडेसहा कोटींच्या आसपास होते. दुसऱ्या रविवारी, एकट्या रविवारी, सहा कोटींच्या वर. 'वेड'चाही दुसरा वीकेंड पहिल्यापेक्षा मोठा. हे आकडे पोस्टरवरचे आहेत म्हणता? असतील. आपल्याकडे खिडकीवरची मोजदाद जाहीर करणारी सरकारी वही नाही, सगळे जण तिथूनच घेतात, तुम्हीही तिथूनच घ्याल. फुगवलेले असतील तर पहिला वीकेंडही फुगवलेलाच असणार, तुलना तरी तीच राहते. आणि २०१६च्या 'सैराट'चा आकडा मी शेजारी मुद्दाम ठेवला नव्हता. तेव्हा मराठी तिकिटाला करमणूक कर माफ होता, आता जीएसटी लागतो, त्यामुळे त्या आकड्यांची बरोबरी होत नाही. एवढं भान ठेवून लिहिणाऱ्याला तुम्ही 'पोस्टर वाचून लिहिणारा' म्हणालात.

राहिला वाट्याचा मुद्दा. ते २००९चं भांडण मिटलं तेव्हा हिंदीसाठी ठरलं की निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, नंतर ३०. म्हणजे दुसऱ्या आठवड्यातल्या रुपयातले निर्मात्याला कमी पैसे मिळतात आणि थिएटरवाल्याला जास्त. मला हे ठाऊक आहे. लेखाचा विषय तो नव्हता, एवढंच. मी प्रेक्षकांबद्दल लिहीत होतो, हिशेबनिसांबद्दल नाही. थिएटरवाल्याला दुसऱ्या आठवड्यात जास्त सुटतात म्हणूनच तो जुन्या सिनेमाला धरून ठेवतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. त्यावर स्वतंत्र लिहीन, सवड झाली तर.

बायको म्हणते, एवढं मोठं उत्तर कशाला, चार ओळींत 'धन्यवाद, तारीख दुरुस्त केली' लिहायचं होतं. ती त्या दिवशी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती, मान तिचीही दोन दिवस आखडली होती. दोन्ही तिकिटं तिनेच तिच्या फोनवरून काढली होती, हेही तिने आत्ता आठवण करून दिलं.

पुढची प्रतिक्रिया नाव लिहून पाठवलीत तर बरं. नाही पाठवलीत तरी छापेन.